आईच्या नावाने टाकलेली तार

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात त्या काळी कंपनीतून रजा मिळवायचे दोन रस्ते होते. पहिला, अर्ज करायचा. हा रस्ता फोरमनच्या टेबलापर्यंत जायचा आणि तिथेच संपायचा. दुसरा, गावाकडून तार मागवायची: 'आई सिरियस, ताबडतोब निघ.' ही तार आली की फोरमन मान वर न करता सही ठोकायचा. आई ठणठणीत आहे हे त्याला माहीत असायचं, टाइमकीपरला माहीत असायचं, आणि तार आणून देणाऱ्याला तर सगळ्यांच्या आधी माहीत असायचं. सुगी आली, जत्रा आली, बहिणीला बघायला पाहुणे यायचे ठरले, की सातारा-बीडकडच्या आया एकदम सिरियस व्हायच्या आणि पंधरा दिवसांनी पोरगा कामावर परतला की तितक्याच एकदम बऱ्या व्हायच्या. माझे मामा पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये फिटर होते. त्यांच्या शेजारी काम करणाऱ्याचे आजोबा तीन वर्षांत चारदा वारले. चौथ्या वेळी फोरमन एवढंच म्हणाला, "या खेपेला नीट जाळा."

हे ऐकतच मी वाढलो. तार म्हणजे रजेचा कागद, त्यातल्या आईचा खऱ्या आईशी संबंध नसतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती मी बरोबर घेऊनच अमेरिकेला गेलो. बाकी सामानात दोन स्वेटर, गोडा मसाला आणि सरकारने नेऊ दिलेले आठ डॉलर.

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. इंजिनिअरिंगची पदवी माझ्या हातात होती, आणि तिकडच्या एका विद्यापीठाने मला असिस्टंटशिप दिली होती. म्हणजे फी माफ, वर राहण्या-खाण्यापुरते पैसे, आणि बदल्यात पहिल्या वर्षाच्या पोरांच्या वह्या तपासायच्या. अट अशी, की माझे स्वतःचे मार्क ठरावीक पातळीच्या खाली जाता कामा नयेत. गेले तर मदत बंद. विमानाचं तिकीट आणि सुरुवातीचा खर्च पुण्यातल्या एका शिक्षणनिधीने दिला होता. त्यांची अट निराळी. पहिलं वर्ष पुरं केलं तर अर्धी रक्कम बक्षीस आणि अर्धी सावकाश फेडायची. वर्ष अर्ध्यात सोडलं तर सगळी रक्कम लागलीच परत, आणि ती जामिनाच्या पगारातून कापून.

वडील मी शाळेत असतानाच गेले होते, तेव्हा जामीन मामा. सहीच्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, पाठीमागची कोरी बाजूही बघितली. म्हणाले, "चालू मशीनमध्ये हात घालताना मी एवढं बघत नाही." मग सही केली. त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं व्हायची होती. मामी दारात उभी होती. निघताना तिने माझ्या हातावर दही घातलं, तेही जरा जास्तच.

तिकडे मला तळघरातली खोली मिळाली. खिडकी होती, पण ती जमिनीच्या पातळीवर, त्यामुळे मला लोकांचे फक्त बूट दिसायचे. पहिल्या आठवड्यात मी बुटांवरून माणसं ओळखायला शिकलो, आणि पुढच्या पाच आठवड्यांत त्याहून वर काही माझी ओळख सरकली नाही. घरमालकीण वर राहायची. तिच्याशी माझा संबंध एका पाइपातून होता. तिने आंघोळीला पाणी सोडलं की माझ्या उशाशी तो पाइप खडखडायचा, आणि मी मनात म्हणायचो, उठल्या बाई.

चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत मी कधी एकटा झोपलो नव्हतो. आई शिफ्टवाल्या सहा-सात पोरांना डबे द्यायची. पहाटे पहिल्या पाळीचे, दुपारी दुसऱ्या पाळीचे. घरात कायम कुणीतरी जेवत असायचं नाहीतर भांडत असायचं. कंपनीचा भोंगा झाला की सगळी चाळ कूस बदलायची. तिकडे भोंगा नव्हता. मी सवयीने पहाटे उठायचो आणि उठल्यावर काय करायचं हे कुणी सांगायचं नाही. रविवारी मी मोठ्याने मराठी बोलायचो, आवाज अजून चालतो की नाही ते बघायला. बोलायला विषय सुचेना, तर गोड्या मसाल्याच्या पुडीवरचा पत्ता वाचून काढायचो.

आता माझा पहिला मोठा पराक्रम. किराणा दुकानात गल्ल्यावरच्या बाईने माझ्याकडे हसून बघत विचारलं, "कसा आहेस?"

सहा दिवसांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी दुधाची बाटली आणि पाव खाली ठेवला आणि सांगायला लागलो. झोप लागत नाही, थंडी कानात शिरते, वह्या तपासतो त्या पोरांचं इंग्रजी मला कळत नाही आणि माझं त्यांना, आणि इथे पाव गोड का करतात. मागे रांग लागली. बाईचं हसू होतं तिथेच राहिलं, पण डोळे इकडे-तिकडे मदत शोधायला लागले. शेवटी मागच्या म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेतलं. चांगला माणूस. त्याने मला शिकवलं, की हा प्रश्न नाही. कुणी कसा आहेस म्हटलं की 'छान' म्हणायचं आणि पैसे देऊन पुढे सरकायचं.

मी हुशार विद्यार्थी. एकदा शिकलेलं विसरत नाही. तेव्हापासून कुणीही विचारो, मी छान.

पहिल्या चाचणीत मी आपटलो. नापास नाही, पण त्या ठरावीक पातळीच्या खालीच. सहामाही परीक्षा सहा आठवड्यांवर होती, आणि तीही अशीच गेली असती तर असिस्टंटशिप गेली असती, वर्ष गेलं असतं, आणि पिंपरीत मामांचा पगार कापायला सुरुवात झाली असती. रात्रभर पुस्तक उघडं ठेवून मी त्या एकाच पानावर बसून राहायचो. परीक्षा पंधरा दिवस पुढे गेली असती तर मी उभा राहिलो असतो, असं मला वाटायचं. म्हणजे हवी होती फक्त रजा. आणि रजा कशी काढतात ते मला लहानपणापासून ठाऊक होतं.

चिंचवड स्टेशनजवळ माझ्या मित्राच्या वडिलांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. घराणं मूळ तिथलंच, मुसलमान, त्यांचे आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. मित्राला मी पत्र लिहिलं: माझ्या विभागाच्या पत्त्यावर तार टाक, आई सिरियस एवढंच लिही, म्हणजे प्रोफेसर परीक्षा पुढे ढकलतील.

त्याचं उत्तर आलं. त्याची पत्रं बोलल्यासारखीच असायची. "तार टाकतो. पर मावशीचं नाव नको राव. तिच्या हातचं खाल्लंय आमी. तुझ्या आजोबाला सिरियस करू का? नायतर माझ्या चुलत्याला करतो, तो तसा बी लई दिवस झोपून हाय."

मी उलट लिहिलं, की आजोबांना कुणी विचारत नाही, आईच पाहिजे. तेव्हा कुठे तो बिचारा पोस्टात गेला. पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. तारेच्या फॉर्मवर त्याने इंग्रजीत दोनच शब्द लिहिले. खिडकीतला तारबाबू वीस वर्षं हीच तार पाठवत आलेला. त्याने फॉर्म उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "ही अर्धीच आहे. 'ताबडतोब निघ' कुठाय?" मित्र म्हणाला, तेवढंच सांगितलंय. बाबू म्हणाला, "अरे, अशी तार गेली तर पोरगा तिकडे नुसता घोर लावून बसेल," आणि स्वतःच्या हाताने राहिलेलं लिहून टाकलं.

तार टाकल्यावर मित्राला अपशकुनाची भीती वाटायला लागली. तो रोज संध्याकाळी आमच्या घरी जाऊन, "मावशी, बरी हाईस ना?" असं विचारायला लागला. चार दिवस आईने बरी आहे म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी विचारलं, "तुला पैसे पाहिजेत का रे?"

इकडे तार विभागाच्या कचेरीत पोचली. ती माझ्या हातात येण्याआधी सेक्रेटरीबाईंनी वाचली, प्रोफेसरांनी वाचली आणि परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या अधिकारी बाईंना फोन गेला. मी वर्गातून बाहेर आलो तर तीन माणसं माझ्यासाठी उभी. एवढी गर्दी माझ्याभोवती विमानतळानंतर पहिल्यांदाच. प्रोफेसरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी म्हटलं, परीक्षा थोडी पुढे गेली तर बरं होईल. ते म्हणाले, परीक्षेचं नावही काढू नकोस.

इथपर्यंत सगळं आपल्या कंपनीसारखंच चाललं होतं.

अधिकारी बाई पन्नाशीच्या, खांद्यावर लोकरीची शाल. त्यांनी मला समोर बसवलं, कॉफी दिली, दार लावून घेतलं. म्हणाल्या, "उद्या संध्याकाळच्या विमानात जागा आहे. आमच्याकडे अशा प्रसंगासाठी ठेवलेला निधी आहे, त्यातून तिकीट काढलंय. तो परत करायचा नसतो."

माझ्या हातातला कप तिथेच थांबला. मी म्हटलं, इतकी घाई नको. तिकडे मामा आहेत, ते बघतील.

"तारेत ताबडतोब म्हटलंय," बाई म्हणाल्या. "आई एकच असते." आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांची आई त्याच उन्हाळ्यात गेली होती, आणि त्यांना पोचायला एक दिवस उशीर झाला होता.

आता सांगा, कुठल्या तोंडाने म्हणणार, की बाई, आमच्याकडे सिरियस म्हणजे रजा.

मग त्यांनी कागद काढला. तो प्रवेश मागे घेण्याचा अर्ज होता. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला समजावलं, घाई केली नाही. सत्र अर्ध्यात सोडलं की असिस्टंटशिप त्याच दिवशी थांबते आणि ती जागा दुसऱ्याला जाते. फीची माफी पूर्ण सत्रासाठी असते, तीही संपते; पुढे कधी परत यायचं झालं तर राहिलेली फी आधी भरावी लागेल. विद्यार्थी नाही म्हणजे व्हिसाही नाही. परत यायचं तर पहिल्यापासून सगळे अर्ज, आणि मदत मिळेलच असं नाही. "रजा ठेवून जागा राखता आली असती तर मी राखली असती," त्या म्हणाल्या. "देश सोडून जाणाऱ्याला ते लागू नाही. तुझी स्वतःची तब्येत बरी नसती, किंवा अभ्यास झेपत नसता, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आपण विषय कमी करून देतो आणि मदत चालू राहते. दरवर्षी दोघा-तिघांना देते मी. नवीन मुलांना पहिलं सत्र जडच जातं."

मी कपाकडे बघत होतो. कॉफीवर साय धरली होती.

बाईंनी पेन पुढे केलं आणि थांबल्या. माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "आणि तू? तू कसा आहेस?"

दार बंद होतं, मागे रांग नव्हती. त्या विचारून थांबल्या होत्या, आणि थांबणारं माणूस म्हणजे काय ते मी सहा आठवड्यांत विसरलो होतो. मी त्यांना म्हटलं, छान. आणि सही केली.

विमानात मला अजिबात झोप लागली नाही. शेजारच्याने विचारलं, घरी चाललास का, तर त्यालाही छान म्हटलं.

चिंचवडला उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सिरियस आई चाळीच्या नळावर होती. तिची घागर कुणीतरी बाजूला सरकवली होती आणि ती त्या बाईच्या सात पिढ्यांशी एकटी लढत होती. मला बघून तिचं वाक्य मधेच तुटलं.

"काढून टाकलं का तुला?"

"नाही. सुट्टी आहे."

"एवढ्या लांबून सुट्टीला?"

"तिकडे पद्धत आहे."

तिने घागर उचलून माझ्या हातात दिली. त्या संध्याकाळी मित्र नेहमीप्रमाणे विचारपूस करायला आला आणि मला पाटावर जेवताना बघून दारातूनच मागे फिरला.

परदेशात एकटं वाटतं हे सगळेच सांगतात. घरी परत आल्यावरचं मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिली पाळी गेली की चाळीत बायका आणि म्हातारे उरायचे. मी खाटेवर पडून राहायचो. डबेवाली पोरं विचारायची, "भाऊ, परत कधी?" मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. महिना उलटला की पुन्हा पुढचा. मामा रविवारी यायचे, अमेरिकेतल्या टूलरूमविषयी विचारायचे, आणि मी न बघितलेल्या मशिनी त्यांना रंगवून सांगायचो. ते ऐकताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की मी आणखी एक मशीन घालायचो. मग मी दिवसाचा घराबाहेर राहायला लागलो. दिघीकडे लष्कराच्या हद्दीचं तारेचं कुंपण होतं, त्याच्या अलीकडे एक खडक होता. तिथे बसून मी अंधार पडेपर्यंत ये-जा करणाऱ्या शेळ्या बघायचो. सबंध पंचक्रोशीत मी इथे का आहे हे माहीत असलेला माणूस एकच, आणि तो मला बघितलं की स्कूटरच्या इंजिनात डोकं घालायचा.

एका रविवारी मामा आले ते गणवेशातच, ओव्हरटाइम अर्धा टाकून. त्यांच्या हातात शिक्षणनिधीचं पत्र होतं. विद्यापीठाने निधीला रीतसर कळवलं होतं, की विद्यार्थ्याने आईच्या गंभीर आजारपणामुळे प्रवेश मागे घेतला आहे, मदत बंद केली आहे. निधीचं म्हणणं असं: नियमाप्रमाणे सगळी रक्कम जामिनाच्या पगारातून कापावी लागेल. मात्र आई-वडिलांचं गंभीर आजारपण असेल तर समिती सवलत देते. खात्री करायला आमचे गृहस्थ येत्या गुरुवारी घरी येतील.

मामांनी पत्र आईसमोर वाचलं. 'गंभीर आजारपण' या शब्दांवर त्यांनी थांबून आईकडे बघितलं. आई तेव्हा भाकऱ्या थापत होती. बावीस झाल्या होत्या.

मला सगळं सांगावं लागलं. तार, तारबाबू, शाल, अर्ज. मामा भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "म्हणजे त्या मशिनी?"

"नव्हत्या बघितल्या."

त्यांनी मान हलवली. पगाराविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत, पण मशिनींचं त्यांना लागलं.

आईने तवा उतरवला. "मला मारलंस म्हण की."

"मारलं नाही गं. सिरियस फक्त."

"तारेत सिरियस म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. तुझ्या बापाच्या वेळी बी तारेत सिरियसच होतं." ती हात धुऊन आली. "माझ्या भावाचा पगार कापायचा नाही. गुरुवारी झोपते मी. किती वेळ झोपायचं?"

"आक्का, हे असलं काही करायचं नाही," मामा म्हणाले.

"तू गप रे. दोन पोरी उजवायच्यात तुला."

गुरुवारी डबे लवकर गेले. आईने खाटेवर आडवं होऊन गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. आजारी माणूस कसं दिसतं हे तिला माहीत होतं, पण स्वतः ती दिवसाढवळ्या कधी आडवी झाली नव्हती. पाच मिनिटांत म्हणाली, "छताला केवढी जळमटं झालीत." झाडू मागत होती. मी दिला नाही.

निधीचे गृहस्थ निवृत्त मास्तर निघाले. कापडी पिशवी, छत्री, स्टेशनपासून चालत आल्याने घामाघूम. खुर्चीवर बसून त्यांनी आईकडे बघितलं, आवाज हळू केला. "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून," मी म्हणालो.

आईने कण्हून दाखवलं. बरं कण्हली. मास्तरांनी वहीत काहीतरी टिपलं. डॉक्टर कोण, औषध काय, असं विचारत होते आणि मी ठरवून ठेवलेलं सांगत होतो. सगळं सुरळीत चाललं होतं. उन्हातून आलेल्या माणसाला चहा द्यायला हवा म्हणून मी स्टोव्ह पेटवला, आणि तिथेच सगळं फसलं. चहा मला कधी करता आला नाही. दूध उतू गेलं, स्टोव्ह विझला, परत पेटवला तर घरभर रॉकेलचा धूर. साखर म्हणून घातलं ते काय होतं ते मी अजून कबूल केलेलं नाही. कप घेऊन आलो. मास्तरांनी एक घोट घेतला आणि सभ्य माणसासारखा गिळला. दुसरा घोट घ्यायला त्यांनी कप उचलला.

गोधडी बाजूला झाली. "ठेवा तो कप," आई म्हणाली. "ठेवा हो. माझ्या घरात असला चहा पिऊन कुणी गेलेलं नाही." उठली, पदर खोचला, मला कोपराने बाजूला सारलं. मास्तरांचा कप हवेतच राहिला. आतून आल्याचा तुकडा ठेचल्याचा आवाज आला, मग पोहे भिजवल्याचा. दहा मिनिटांनी ती बशी घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती तशीच बशी हातात धरून खाटेकडे बघायला लागली.

"आता झोपू का परत?" तिने मला विचारलं.

मास्तरांनी बशी तिच्या हातातून घेतली. पोहे खाल्ले, चहा प्यायले, कप खाली ठेवला. मग वही मिटून माझ्याकडे वळले. "बाईंची प्रकृती उत्तम आहे. आता तुझं सांग. तिकडे कसा होतास?"

त्यांनीही विचारलं आणि ते थांबले. मी म्हटलं, चांगला नव्हतो. आणि मग पाइप, बूट, चाचणी, पुडीवरचा पत्ता, अधिकारी बाई काय म्हणाल्या ते, सगळं बाहेर पडलं. आई तिथेच उभी होती. पुडीचं आलं तेव्हा ती आत निघून गेली आणि बराच वेळ कसलं तरी भांडं घासत राहिली.

मास्तर म्हणाले, "हे त्या बाईंना सांगितलं असतंस तर तू अजून तिथे असतास." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "सवलत मला देता येणार नाही. खोटं लिहून दिलेल्याला देत नाहीत." मग वही पिशवीत टाकत म्हणाले, "पण नोकरी धरलीस आणि तुझ्याच पगारातून कापून घ्यायला लिहून दिलंस, तर तू हप्ता चुकवेपर्यंत जामिनाला हात लावणार नाही. एवढं मी समितीत बोलेन. हप्ता चुकवायचा मात्र नाही."

पंधरा दिवसांत मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. पदवी बघून मालक म्हणाले, "राव, एवढं शिकून लेथवर?" मी म्हटलं, छान आहे. सवय.

आईजवळ राहता आलं असतं. पण चाळीत माझा अमेरिकेचा महिना अजून पुढे ढकलला जात होता, आणि डबेवाल्या पोरांसमोर पाटावर बसणं मला जमेना. भोसरीत पत्र्याची खोली घेतली. तिला खिडकी होती, तीही बरोबर माणसांच्या उंचीला. शेजारी नांदेडकडचे तिघे राहायचे, पाळ्या वेगळ्या, त्यामुळे तिघे मिळून मला कधी भेटले नाहीत. रविवारी मी आईकडे जेवायचो आणि संध्याकाळी परत यायचो. अशी सात वर्षं गेली. त्या काळात मी एकदाही आजारी पडलो नाही, म्हणजे पडलो, पण रजा घेतली नाही. वर्कशॉपमध्ये कुणाची तार आली की मालक मला म्हणायचे, "तुमच्या घरी कुणी सिरियस होत नाही का हो?" सगळे हसायचे. मीही.

दर डिसेंबरात त्या अधिकारी बाईंचं कार्ड यायचं, चिंचवडच्या पत्त्यावर. आत एकच ओळ: आई कशी आहे? पहिल्या वर्षी उत्तर लिहायला बसलो आणि 'आई' या शब्दापुढे काय लिहावं ते कळेना. बरी आहे म्हटलं तर मग का परत आला नाहीस. नाही म्हटलं तर पुन्हा तेच. कार्डं आई डाळीच्या डब्यामागे ठेवायची.

शेवटचा हप्ता कापला गेला त्या महिन्यात निधीने मामांच्या सहीचा कागद परत पाठवला, आडवा शिक्का मारून: रद्द. मी तो घेऊन चिंचवडला गेलो. मामा आता निवृत्त झाले होते, दोन्ही मुलींची लग्नं झाली होती. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, पाठीमागची कोरी बाजू बघितली. घडी घालून खिशात ठेवला.

"पुढच्या वेळी तार टाकायची झाली," ते म्हणाले, "तर माझ्या नावाने टाक. मी झोपून राहतो. मला चहा येत नाही."

आई हसली नाही. ती उठली आणि डाळीच्या डब्यामागून सगळी कार्डं काढून माझ्यापुढे ठेवली. सात होती.

"त्या बाईला कळवलंस का कधी?"

"काय कळवू?"

"तिची आई गेलेली, तूच म्हणालास. सात वर्षं ती माझी काळजी करत बसली असंल." तिने पदराने एका कार्डावरची धूळ पुसली. "लिही, आई बरी आहे. आधी बी बरी होती."

येताना मी पोस्टातून परदेशी पाठवायचं निळं पत्र घेतलं. खोलीवर आलो. शेजारचे तिघेही पाळीवर गेले होते. आईने सांगितलेली दोन वाक्यं इंग्रजीत लिहिली, आणि खाली बघितलं तर जवळजवळ सगळं पत्र कोरंच होतं. बाईंनी मला आणखी एक प्रश्न विचारला होता, पेन पुढे करून. त्याचं उत्तर लिहायला घेतलं. अक्षर बारीक काढलं तरी जागा पुरेना, तेव्हा समासात लिहिलं, मग दुमडायच्या पट्टीवर. डिंक लावायच्या जागेपर्यंत आलो तेव्हा कुठे पत्रात तळघरातला तिसरा आठवडा लागला होता.